डोंगर आला नाही

"विश्वास कमी पडला असेल गं," असं नगरहून फोनवर मला म्हणणारी बाई माझ्याहून वयानं मोठी आहे. माझ्यासाठी तिनं उपासही धरले होते. म्हणून मी "असेल" म्हटलं आणि बोलणं तिच्या गुडघेदुखीवर नेलं. काय मागितलं होतं आणि काय मिळालं नाही, ते इथं सांगत नाही. त्यात नवं काही नाही. ते वाक्य मात्र तेव्हापासून आमच्या घरात मुक्कामाला आलंय. कमी पडला म्हणजे किती? आणखी किती असता तर पुरला असता? आणि मोजलं कुणी?

आम्ही स्विंडनला राहतो. इथल्या चर्चमध्ये असं कुणी म्हणणार नाही. इथं काहीच म्हणत नाहीत. रविवारच्या छापील कागदावर आजाऱ्यांची नावं असतात आणि ती मोठ्यानं वाचली जातात. आजार कुठला, कितपत बरं आहे, काही नाही, नुसती नावं. एखादं नाव महिनोन्‌महिने ऐकू येतं आणि एका रविवारी येत नाही. माणूस बरा झाला की गेला, ते नंतर चहाच्या वेळी शेजारच्या बाईकडून कळतं. पहिल्या वर्षी मला हा निव्वळ कोरडेपणा वाटायचा. आता कधीकधी ती सभ्यता वाटते, आणि कधीकधी पुन्हा कोरडेपणाच.

माझी आजी नेवाशाकडची. घर तीन पिढ्यांचं ख्रिस्ती, पण म्हणींमधला हरी कुणी हलवला नव्हता. ओसरीवर लोळणाऱ्या मामाकडे बघून ती म्हणायची, "असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी." हरीच्या जागी प्रभू घालून पाहिला तर म्हण लंगडते, त्यामुळे पाळकसाहेबांनीही कधी हरकत घेतली नसावी. म्हण आळशाला टोचण्यासाठी आहे, हे पोरासोरांनाही ठाऊक. पण तिच्यामागची जी गोष्ट आजी सांगायची ती भलतीच आहे. एक दरिद्री माणूस रात्री रानात जातो. तिथं त्याला मोहरांनी भरलेला हंडा दिसतो. तो हात लावत नाही. घरी येऊन बायकोला म्हणतो, हरीला द्यायचंच असेल तर इथं खाटल्यावर आणून देईल. भिंतीपलीकडे दबा धरून बसलेले चोर हे ऐकतात, रानात जातात, हंडा उघडतात, तर आत साप आणि विंचू. आपल्याला फसवलं म्हणून संतापून ते हंडा उचलून आणतात, घराची कौलं काढतात आणि तो झोपलेल्या माणसाच्या अंगावर उपडा करतात. खाटल्यावर मोहरांचा पाऊस पडतो.

म्हणजे म्हण ज्याला हसते, गोष्ट त्यालाच जिंकवते. लहानपणी मी आजीला हे विचारलं होतं. "म्हण वेगळी, गोष्ट वेगळी," एवढंच ती म्हणाली आणि भाकरी थापत राहिली. मी मात्र अजून तिथंच अडकले आहे. एक तर चोरांवर अन्याय झाला. रात्रीतून दोनदा रान तुडवलं ते त्यांनी, ओझं वाहिलं त्यांनी, कौलांवर चढले तेही तेच. हरीचं काम त्यांनीच केलं आणि हाती आले विंचू. दुसरं म्हणजे बायको. हंडा रानात पडलाय हे नवऱ्याच्या तोंडून ऐकून, सकाळी चुलीवर काय ठेवायचं या विचारात ती रात्रभर जागी असणार. तिला कुणी विचारलं नाही. आणि तिसरी गोष्ट मला अगदी अलीकडे खटकली: या माणसानं हंडा आधी पाहिला होता! सोनं आहे आणि ते कुठं आहे, हे त्याला ठाऊक होतं. प्रश्न फक्त आणून देण्याचा होता. ज्याला हंडा कधी दिसलाच नाही आणि तरीही जो खाटल्यावर हरीच्या भरवशावर पडून राहिला, त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. बहुधा ती सांगण्याजोगी नसते. तो सकाळी उठतो आणि कामाला जातो.

इथून गाडीनं पाऊण तासावर ब्रिस्टल आहे. तिथं अ‍ॅशली डाउनवर जॉर्ज म्यूलरच्या अनाथाश्रमाच्या मोठमोठ्या दगडी इमारती आहेत. म्यूलर मूळचा प्रशियाचा. त्यानं ठरवलं की पैसा माणसांकडे मागायचा नाही, फक्त देवाकडे मागायचा. या तत्त्वावर पाच इमारती उभ्या राहिल्या आणि १८९८ साली तो वारला तोवर सुमारे दहा हजार मुलं त्याच्या आश्रयाला येऊन गेली होती. घरात दाणा नसताना रिकाम्या ताटांसमोर त्यानं मुलांना आभाराची प्रार्थना म्हणायला लावली आणि तेवढ्यात पाववाला दाराशी आला, अशी गोष्ट सांगतात. खाटल्यावरच म्हणायचं हे. (दरवर्षी तो सविस्तर छापील अहवाल काढायचा. हे न मागता मागणंच नव्हे का, असं माझं मन म्हणतं. माझं मन कोत्या स्वभावाचं आहे.)

काय मागितलं आणि केव्हा मिळालं, हे म्यूलर टिपून ठेवायचा. मला त्याची पाववाल्यापेक्षा दुसरी गोष्ट जवळची वाटते. नोव्हेंबर १८४४ मध्ये त्यानं पाच ओळखीच्या माणसांच्या मनपरिवर्तनासाठी रोज प्रार्थना करायला सुरुवात केली. पहिल्याला दीड वर्ष लागलं, दुसऱ्याला आणखी पाच, तिसऱ्याला आणखी सहा. उरलेले दोघे तीसहून अधिक वर्षांनंतरही होते तसेच होते आणि म्यूलर रोज मागतच होता. हजारो पोरांची न्याहारी त्याला मिळाली. दोन माणसं मिळेनात. त्याचा विश्वास कमी पडला, असं त्याला कुणी म्हटलं असेल का? दहा हजार मुलं पोसलेल्या माणसाला ते म्हणायला धीर लागतो. मला म्हणायला लागत नाही.

म्यूलरचं चरित्र पंडिता रमाबाईंनीही वाचलं होतं आणि इथल्यासारखाच भरवसा हिंदुस्थानात टाकता येईल का, असा प्रश्न त्यांना पडला होता. मला खरं तर म्यूलरबद्दलच लिहायचं होतं, पण रमाबाई एकदा आल्या की बाकीच्यांना जागा उरत नाही.

रमाबाईंच्या आत्मनिवेदनात हिमालयातल्या एका तळ्याची हकीकत आहे. आईवडील आणि बहीण दुष्काळात गेल्यावर त्या आणि त्यांचा भाऊ श्रीनिवास पायी तीर्थं करत हिंडत होते. त्या तळ्यात सात डोंगर तरंगतात आणि यात्रेकरू निष्पाप असेल तर ते त्याच्याकडे चालत येतात, असं तिथं सांगत. पाण्यात मगरी आहेत, उतरू नका, असंही पुजारी बजावत. श्रीनिवासनं पहाटे कुणी नसताना जाऊन पाहिलं. ते डोंगर म्हणजे वर झाडंझुडपं लावलेले मातीचे तराफे होते. दक्षिणा पोचली की मागे लपलेला माणूस ते ढकलायचा.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसले होते. फोननंतर पुन्हा वाचलं आणि हसू आलं नाही. फसवणूक तराफ्यात नाही. ती त्या अटीत आहे. डोंगर आला तर देव खरा, नाही आला तर तू पापी. कुठूनही गेलं तरी देवाकडे बोट जात नाही. याच अटीवर रमाबाईंच्या वडिलांचं, अनंतशास्त्री डोंगऱ्यांचं, सगळं संपलं. होतं नव्हतं ते दानधर्मात आणि पूजाअर्चेत गेलं, शास्त्रात सांगितलेलं सगळं झालं, देव कृपा करील म्हणून घरातली सगळी वाट पाहत राहिली आणि काही महिन्यांत तीन माणसं उपासमारीनं गेली. ज्या मुलीनं हे पाहिलं, तिनं पुन्हा कुठल्याही देवाचं वचन खरं धरावं, याचंच मला नवल वाटतं.

इथवर मजकूर माझ्या बाजूनं छान चालला होता. फोनवरचं वाक्य म्हणजे तराफा, असं लिहून मोकळं होता आलं असतं. पण मत्तयाच्या सतराव्या अध्यायात मोहरीच्या दाण्याएवढ्या विश्वासाचं आणि हलणाऱ्या डोंगराचं जे बोलणं आहे, ते कुणा पुजाऱ्याचं नाही, खुद्द येशूचं आहे. आणि ते कशावरून निघालं? शिष्यांना एक आजारी मुलगा बरा करता आला नाही, का आला नाही असं त्यांनी विचारलं, आणि त्यांचा विश्वास थोडा पडला असं त्यांना तोंडावर सांगण्यात आलं. म्हणजे माझ्या नगरच्या बाईकडे आधार आहे. माझ्याकडे नुसता राग आहे. त्याच पुस्तकात पुढे नऊ अध्यायांवर गेथशेमाने येतं. तिथं तीच व्यक्ती स्वतःसाठी एक गोष्ट तीनदा मागते आणि ती मिळत नाही. तिथं विश्वास कमी पडला असं म्हणणारा ख्रिस्ती मला अजून भेटायचा आहे. हे दोन अध्याय एकमेकांशी काय बोलतात, ते मला ऐकू येत नाही.

इथून पूर्वेला, ऑक्सफर्डच्या वाटेवर, वाँटेज नावाचं गाव आहे. चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा, भोवती दुकानं. १८८३ साली रमाबाई इथल्या सेंट मेरी द व्हर्जिनच्या जोगिणींकडे आल्या. बरोबर दोन वर्षांची लेक मनोरमा आणि मैत्रीण आनंदीबाई भगत. रमाबाईंना वैद्यक शिकायचं होतं. ऐकू कमी येत असल्यामुळे ती वाट बंद झाली. आनंदीबाईंनी काही महिन्यांतच वाँटेजमध्ये आपला जीव दिला. आपल्याला बळजबरीनं बाटवतील या धास्तीनं त्यांना ग्रासलं होतं, असं सांगतात. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबरला, रमाबाईंनी आणि मनोरमेनं बाप्तिस्मा घेतला. या दोन घटना मला एका वाक्यात बसवता येत नाहीत. बसवून दाखवणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांचं वाचून माझं समाधान होत नाही.

रमाबाईंची धर्ममाता म्हणावी अशी होती सिस्टर जेराल्डिन. मायलेकी तिला 'आजीबाई' म्हणत. नंतर रमाबाई चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात गेल्या आणि आजीबाईंशी पत्रांतून वाद सुरू झाले. क्रुसावर लॅटिनच का, संस्कृत का नको? बिशप म्हणतो म्हणून मी का मानू? त्रैक्य माझ्या बुद्धीला पटत नाही त्याचं काय? अंडं घातलेलं पुडिंग मी खाणार नाही. आजीबाईंना यात अहंकार दिसायचा. पुण्यात त्यांच्या जोगिणींचं काम होतंच. रमाबाई परत जाऊन त्यात सामील होतील, ही आशा होती. रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, तिथं पैसा उभा केला आणि १८८९ साली मुंबईत शारदासदन काढलं, तेही कुठल्याच पंथाचं नसलेलं.

आपण मराठी माणसं हा पत्रव्यवहार रमाबाईंच्या बाजूनं वाचतो आणि ते बरोबरच आहे. मी मात्र हल्ली आजीबाईंच्या बाजूनं वाचू लागले आहे. तिनंही मागितलं होतं. रोज, ठरल्या वेळी, गुडघे टेकून. तिला मिळाली ती रमाबाई! तिच्या जागी मी असते तर सगळी पत्रं शेगडीत घातली असती. तिनं ती जपली, संगतवार लावली, नकला केल्या. १९७७ साली मुंबईत महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ती छापली, म्हणून आज ती आपल्याला वाचता येतात. तिला एकही वाद जिंकता आला नाही आणि तरीही तिनं रमाबाईंची उत्तरं, स्वतःला झोंबणारी सुद्धा, शाबूत ठेवली. याला विश्वास म्हणायचं की नुसती शिस्त?

आणखी एक घोळ आहे. १८८३ चा बाप्तिस्मा म्हणजे आजीबाईंच्या लेखी प्रार्थना फळली. रमाबाई मात्र पुढे लिहितात की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो नंतर सापडला, १८९१ च्या सुमाराला, विल्यम हॅस्लम या कॉर्नवॉलच्या पाद्र्याचं पुस्तक वाचताना. हा हॅस्लम १८५१ साली स्वतःचंच प्रवचन ऐकून भर व्यासपीठावर बदलला होता, आणि समोरच्या लोकांनी तसा आरडाओरडा केला होता. तोही आजीबाईंच्याच चर्चचा. मग म्यूलरसारखी वही असती तर त्यात मिळाल्याची तारीख कुठली घालायची? १८८३ की १८९१? आणि १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा गेली, रमाबाईंचा मुक्तिसदन आश्रम जिच्या हाती सोपवायचा होता ती एकुलती मुलगी आईच्या आधी गेली, त्याची नोंद कुठल्या रकान्यात? रमाबाई तेव्हा बायबलच्या आपल्या मराठी भाषांतराचं काम संपवत होत्या. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

आमची मराठी मंडळी महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतात. गाणी होतात, वचन होतं, मग साक्षी. साक्षीचा साचा ठरलेला: अडचण होती, मागितलं, मिळालं, प्रभूची स्तुती असो. ज्यांचं "मिळालं" आलेलं नसतं ते पोह्यांच्या बश्या लावायला स्वयंपाकघरात जातात. मीही गेले आहे, आणि तिथं चांगली गर्दी असते. साचा मोडावा असं माझं म्हणणं नाही. मिळालेल्यानं सांगू नये, असं कसं म्हणू? अशीच कुणाची साक्ष ऐकून मी कितीतरी वेळा तगले आहे. पण पुढच्या खेपेला कुणी उभं राहून नुसतं "मागितलं" म्हणालं आणि खाली बसलं, तर मंडळींनो, एवढं करा: त्याला पुढचं विचारू नका, आणि त्याच्या वतीनं गोष्ट पुरी करू नका.