चार पॉइंट सात

'स्थिरांक' हा शब्द शाळेने आम्हाला इतक्या लवकर आणि इतक्या विश्वासाने दिला, की त्याच्याकडे संशयाने पाहण्याची सवय कधी लागलीच नाही. ज्याच्या नावातच 'स्थिर' आहे, त्याची उलटतपासणी कोण कशाला करील? डायलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे विद्युतक्षेत्रात ठेवलेला पदार्थ निर्वाताच्या किती पट विद्युतभार साठवू देतो हे सांगणारा आकडा, मी त्याच पंक्तीत बसवून टाकला होता. या भाबडेपणाची किंमत माझ्याऐवजी दुसऱ्याच एका माणसाने मोजली, म्हणून हे लिहितो आहे.

गोष्ट २००४ सालच्या पावसाळ्यातली. पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत मी नोकरीला होतो. २.४५ गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या बिनतारी उपकरणाचा अँटेना वेगळा न जोडता सर्किट बोर्डाच्या तांब्यातच कोरायचा, हे माझ्याकडे आलेले पहिले स्वतंत्र काम. बोर्ड अर्थातच एफआर-४ चा: काचेच्या धाग्यांचे कापड इपॉक्सी राळेत भिजवून, थरावर थर दाबून केलेला, कुठेही मिळणारा. माहितीपत्रकात आकडा होता ४.७. तो घेऊन मी गणिते केली आणि भोसरीतल्या एका जुन्या वर्कशॉपमध्ये एकदम दोनशे बोर्ड करायला टाकले. आधी चार नमुने करून पाहावेत एवढा धीर त्या वयात नव्हता.

बोर्ड आले. अँटेना २.५४ गिगाहर्ट्झवर बोलत होता. नव्वद मेगाहर्ट्झची चूक ऐकायला किरकोळ वाटते, पण अशा उपकरणांसाठी राखलेला पट्टाच मुळी २.४ ते २.५ गिगाहर्ट्झ, म्हणजे जेमतेम शंभर मेगाहर्ट्झचा. आमचे उपकरण सरळ शेजाऱ्याच्या घरात जाऊन बसले होते. पहिला संशय पावसाळी हवेवर गेला. पण लॅमिनेटने ओल धरली तर आकडा वाढतो आणि अँटेना खाली घसरतो. इथे तो वर गेला होता. तेव्हा माल हलका वापरला असणार, असा निष्कर्ष मी काढला आणि साहेबांना दोन ओळींची चिठ्ठी लिहिली: मटेरियल सदोष, बिल थांबवावे. बिल थांबले.

वर्कशॉपचे मालक साठीतले गृहस्थ होते. आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू. त्यांनी आवाज चढवला नाही. "साहेब, पत्रा तोच आहे," ते म्हणाले. "रेडिओवाले पहिल्यांदा चार पॉइंट सात घेऊन येतात आणि दुसऱ्यांदा चार पॉइंट तीन. तुम्हीही याल." मला ते बनेलपणाचे वाटले.

पुढे चार महिन्यांनी मी मोजमाप करायला बसलो, तेही त्यांचा दोष सिद्ध करण्यासाठी. दोन्ही बाजूंना तांबे असलेला, १.६ मिलिमीटर जाडीचा, दहा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा कापला आणि एलसीआर मीटरला लावला. मीटरने २६० पिकोफॅरड दाखवले. गणित केले, उत्तर आले ४.७. पत्रा निर्दोष. मग त्याच तुकड्यावर एक पट्टी कोरून ती नेटवर्क अॅनलायझरला जोडली आणि ती कुठे अनुनाद देते ते पाहिले. उत्तर ४.३. माहितीपत्रक पुन्हा काढले, तर आकड्याच्या शेजारी, बारीक अक्षरांत, चाचणीची वारंवारता छापलेली होती: १ मेगाहर्ट्झ. माझे काम त्याच्या २,४५० पट वर चालले होते.

हे असे का होते, हे कळायला मला शाळेतले लेझीम आठवावे लागले. हलगी संथ असते तेव्हा रांगेतला प्रत्येकजण पुरता वळतो. लय वाढू लागली की जड अंगाची मुले आधी मागे पडतात; त्यांचे वळणे अर्धे होते, पुढे नुसते अंग हलते आणि घाम मात्र सर्वांत जास्त त्यांनाच येतो. राळेच्या रेणूंतले विद्युतध्रुव असेच क्षेत्राबरोबर वळत असतात. कुणी मोकळे, कुणी शेजाऱ्यांत अडकलेले, म्हणून ते एकदम थांबत नाहीत. एकेक करून गळतात आणि आकडा हळूहळू उतरत जातो. काच त्या मानाने फारशी डगमगत नाही. पाण्याचे रेणू अधिक चपळ. संथ क्षेत्रात पाण्याचा आकडा ८० च्या आसपास असतो आणि तो अनेक गिगाहर्ट्झपर्यंत टिकतो. प्रकाशाच्या लयीला मात्र १.८ देखील उरत नाही.

हे काही नवे ज्ञान नव्हते. जगदीशचंद्र बोस यांनी १८९० च्या दशकात कलकत्त्याला, मिलिमीटरांत मोजाव्या अशा विद्युतलहरींनी काचेचा वक्रीभवनांक मोजला होता. प्रकाशाला सुमारे दीड असणारा तो अंक या लहरींना दोनच्या वर निघाला. काच तीच, प्रश्न वेगळ्या लयीत विचारलेला.

आणि तो घाम. तो अपघाताने येत नाही. क्रोनिग आणि क्रॅमर्स यांनी १९२६-२७ मध्ये दाखवले, की आकड्याचे बदलणे आणि ऊर्जेचे उष्णतेत वाया जाणे या दोन गोष्टी एकमेकींना गणिताने बांधलेल्या आहेत, आणि तेही केवळ एका साध्या अटीमुळे: परिणाम कारणाच्या आधी घडू शकत नाही. कोणत्याच वारंवारतेला काहीच न गमावणारा पदार्थ असता, तर त्याचा आकडा खरोखरच स्थिर राहिला असता. निर्वात सोडल्यास असे मला काही माहीत नाही. एवढे भव्य तत्त्व भोसरीच्या पत्र्याला लागू असते, हे मला परीक्षेत पाठ होते; टेबलावर ते ओळखू आले नाही.

साहेबांना सांगून बिल सोडवले. चार महिने उशिरा. मग काकांकडे गेलो आणि चूक माझी होती, हे जमेल तसे सांगितले. ते ऐकता ऐकता त्यांनी नव्या फिल्मसाठी हात पुढे केला, ती उजेडाला धरली आणि पट्टीने मोजली. ४.३ धरल्यामुळे अँटेना सुमारे चार टक्के लांब झाला होता. पूर्वी एका पॅनेलवर चोवीस बोर्ड बसत, आता वीसच बसणार होते. तेवढा दर त्यांनी वाढवून घेतला.