हे धुकं आपल्याच नाकातलं!

दोस्तांनो, थंडीच्या दिवसांत आरशासमोर उभं राहून तुम्ही तोंडाने ‘हाऽऽ’ केलंय ना? आरसा पांढरा होतो, मग त्यावर बोटाने नाव लिहायचं, नाक-डोळे काढायचे आणि आईची हाक आली की बाहीने सगळं पुसून टाकायचं. या खेळात कुणाचं काही बिघडत नाही. पण हाच ‘हाऽऽ’ मोटरसायकलवर, हेल्मेटच्या आत झाला तर? मग मात्र तो खेळ राहत नाही.

मी राहते वाईला आणि कामासाठी आठवड्यातून तीनदा मोटरसायकलने पाचगणीला जाते. मध्ये पसरणीचा घाट. वळणामागून वळण, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी आणि खाली धोम धरणाचं पाणी. पाचगणी वाईपेक्षा जवळजवळ ६०० मीटर उंच आहे. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण ६ अंशांनी गार होते. म्हणजे घाट चढता चढता माझ्या हेल्मेटची काच गार होत जाते. आत मात्र मी, माझा श्वास आणि रेनकोटमधली ऊब!

एका जुलैत माझी अकरा वर्षांची भाची मागे बसली होती. चार-पाच वळणं झाली आणि माझ्या काचेवर खालून वर पांढरा पडदा चढू लागला. समोरून एसटी येत होती. तिचे दोन दिवे वेगवेगळे दिसायचे सोडून एकच पिवळा डाग दिसत होता. ती किती लांब आहे, रस्त्याच्या कुठल्या बाजूला आहे, काही अंदाज येईना. मी वेग कमी केला, काच बोटभर वर केली, एसटीला जाऊ दिलं आणि रस्ता रुंद होता तिथे डावीकडे थांबले. मागून आवाज आला, “आत्या, माझ्यापण काचेवर आलंय. मी काढूनच टाकू का हेल्मेट?”

पाहा, प्रश्न तिचा एकटीचा नाही. कोपराला हेल्मेट अडकवून गाडी चालवणारे काका तुम्ही पाहिले असतीलच. त्यांना विचारा. “पावसात काही दिसत नाही हो त्यातून!” हे उत्तर हमखास मिळेल. ते खोटं नाही. पण डोकं उघडं टाकणं हा त्यावरचा उपाय नव्हे. मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं की चार वर्षांवरच्या प्रत्येकाने दुचाकीवर हेल्मेट घालायला हवं, मग तो चालवणारा असो की मागे बसणारा. सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना. तेव्हा हेल्मेट डोक्यावरच राहणार, जायचंय ते धुक्याने. आणि त्याला घालवायचं तर ते येतं कुठून हे आधी कळायला हवं.

तुम्ही म्हणाल, “घाटातलं धुकं आत शिरत असणार!” अंहं. हे धुकं आपल्याच नाकातलं. आपला उच्छ्वास साधारण ३४ अंश उबदार असतो आणि बाष्पाने जवळजवळ काठोकाठ भरलेला असतो. उबदार हवेच्या पोटात जास्त बाष्प मावतं, गार हवेच्या पोटात कमी. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावतं, २० अंशांना १७ ग्रॅम, तर १० अंशांना जेमतेम ९ ग्रॅम. आता हा उबदार, ओला श्वास गार काचेला भिडला की हवा तिथल्या तिथे गार होते. न मावणारं बाष्प मग जाणार कुठे? काचेवरच त्याचे बारीक बारीक थेंब होतात. शाळेत शिकलेलं संघनन ते हेच. हे थेंब इतके चिमुकले आणि गोल असतात की त्यांच्यावर पडणारा प्रकाश सरळ पार न जाता इकडेतिकडे विखुरतो. म्हणून काच पांढरी दिसते. २०२० साली मास्क लावून फिरताना चष्मेवाल्यांची हीच फजिती झाली होती. नाकावरच्या फटीतून श्वास वर जायचा आणि चष्मा पांढराफटक!

ही फजिती अंतराळातही चुकलेली नाही बरं का. ५ जून १९६६ रोजी ‘जेमिनी ९ए’ यानातून युजीन सर्नन हे अमेरिकी अंतराळवीर बाहेर पडले. दोन तास सात मिनिटं ते यानाबाहेर होते. काम कष्टाचं, त्यात पोशाखातली थंडावा देणारी यंत्रणा त्यांच्या घामापुढे कमी पडली. हेल्मेटच्या काचेवर आतून वाफ धरली आणि त्यांना दिसेनासं झालं. हेल्मेटच्या आत हात कसा घालणार? शेवटी त्यांनी नाकाच्या शेंड्याने काच पुसून बघण्यापुरती खिडकी केली! काम अर्धवट सोडून त्यांना आत यावं लागलं. पुढच्या मोहिमांमध्ये काचेला आतून वाफ न धरू देणारं द्रावण लावायला सुरुवात झाली. त्यात होतं तरी काय? मुख्यतः भांडी घासायच्या साबणाचा भाऊबंद, पाणी आणि सहज पेट न घेणारं थोडं तेल.

म्हणजे अवकाशातला हा उपाय तुमच्या मोरीत ठेवलेला आहे! साबण पाण्याचा पृष्ठीय ताण कमी करतो. त्यामुळे बाष्पाचे गोल थेंब न होता पाणी काचेवर पातळ थरासारखं पसरतं. बाष्प येतं तेवढंच, पण पसरलेल्या पाण्यातून प्रकाश सरळ पार जातो. खरं वाटत नाही? न्हाणीघरातल्या आरशाच्या अर्ध्या भागाला साबणाचा बारीकसा हात फिरवा आणि कोरड्या फडक्याने चकचकीत पुसा. मग गरम पाण्याने अंघोळ करा. बाहेर पडताना दोन्ही अर्ध्या भागांकडे बघा.

आता हेल्मेटची काच कशी तयार करायची ते सांगते. घरातल्या मोठ्यांना विचारून, शक्यतो आदल्या संध्याकाळी हे काम करा. काच आधी पाण्याने धुवा, म्हणजे धूळ निघून जाईल. ही काच खऱ्या काचेची नसते, पॉलिकार्बोनेट नावाच्या प्लास्टिकची असते आणि तिला चटकन ओरखडे पडतात. धूळ तशीच ठेवून ओढणीच्या टोकाने घासली तर रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या ओरखड्यांतून फुटून डोळ्यांवर येतो. मग भांडी घासायच्या पातळ साबणाचा किंवा लहान बाळाच्या शांपूचा एकच थेंब घ्या. तो मऊ सुती फडक्यावर घेऊन काचेच्या फक्त आतल्या बाजूला फिरवा. वाळू द्या. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने हलकेच पुसा, अगदी स्वच्छ दिसेपर्यंत. झालं! हा थर कायमचा नसतो. पावसाळ्यात एक-दोन दिवसांनी पुन्हा लावावा लागतो. काही काचांना कारखान्यातूनच वाफ न धरणारा लेप दिलेला असतो. तसं असेल तर सोबतची सूचना वाचा आणि साबणाच्या वाटेला जाऊ नका.

“दात घासायची पेस्ट चालते म्हणे!” असं कुणी सांगेल. नका लावू, तिने ओरखडे पडतात. पेट्रोल आणि थिनर तर काचेच्या आसपासही नकोत, त्यांनी ती खराब होते. आणि साबण जास्त नको. त्याची एक गोष्ट आहे. एप्रिल २००१ मध्ये कॅनडाचे अंतराळवीर ख्रिस हॅडफिल्ड यानाबाहेर काम करत होते. त्यांच्या काचेला लावलेलं असंच द्रावण डोळ्यात गेलं आणि डोळा झोंबू लागला. अंतराळात अश्रू खाली ओघळत नाहीत. ते डोळ्यावरच साठले, नाकावरून पलीकडच्या डोळ्यात गेले आणि काही वेळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेना! पावसाचं पाणी आत येऊन जादा साबण तुमच्या डोळ्यांत जायला अंतराळाचीही गरज नाही.

साबण हा झाला एक उपाय. दुसरा त्याहून सोपा, श्वासाला बाहेर जायला वाट द्यायची. हेल्मेटच्या हनुवटीपाशी हवेची झडप असेल तर ती उघडी ठेवा. हळू जाताना किंवा सिग्नलला थांबल्यावर काच एक खाच वर करा. रेनकोटची कॉलर किंवा मफलर नाकापर्यंत ओढू नका. नाही तर सगळा श्वास वळून काचेवरच जातो. तोंडाने धापा टाकण्यापेक्षा नाकाने श्वास घेतलेला बरा, कारण नाकातला श्वास खालच्या दिशेने जातो. आणि हेल्मेट आतून कोरडं हवं. भिजलेल्या गादीचं पाणीही काचेवरच येऊन बसतं. घरी आल्यावर आत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे भरून ते पंख्याखाली उलटं ठेवा.

तिसरा उपाय विकतचा. काही हेल्मेटांच्या काचेला आतून आणखी एक पातळ पारदर्शक पत्रा बसवता येतो. दोन्हींच्या मध्ये हवा कोंडलेली राहते आणि थर्मासच्या दुहेरी भांड्यासारखं काम होतं. बाहेरची काच गार असली तरी आतली तितकी गार होत नाही. मग वाफ धरणार कशी?

एवढं करूनही कधी काच पांढरी होईलच. तेव्हा चालत्या गाडीवर आत बोट घालून पुसायचं नाही. पुसलेली जागा दोन श्वासांत पुन्हा पांढरी होते आणि तेवढा वेळ एक हात हॅण्डलवर नसतो. वेग कमी करायचा, काच थोडी उघडायची, डावा इंडिकेटर द्यायचा, सुरक्षित जागी थांबायचं. घाटात आम्ही तेच केलं. भाचीला मी म्हटलं, “हेल्मेट नाही काढायचं. काच वर कर, दहा श्वास घे, आणि कॉलर नाकावरून खाली ओढ.” तिची काच निवळली. आम्ही पाचगणीला अर्धा तास उशिरा पोचलो. कुणी काही बोललं नाही.

आता तुमचं काम. घरात जेवढी हेल्मेटं असतील तेवढ्यांचं खातं तुमच्याकडे घ्या. शनिवारी संध्याकाळी काचा धुवायच्या, साबणाचा हात फिरवायचा, गाद्या वाळवायच्या. दुचाकीवर मागे बसणाऱ्याला गाडी चालवता येत नाही, पण चालवणाऱ्याला नीट दिसेल याची सोय त्याला नक्की करता येते. आणि आई-बाबांनो, पोरांनी काच धुवायला मागितली तर “तुला काय कळतंय?” असं म्हणू नका. फडकं मात्र मऊ द्या.