शाळेच्या गेटवर बंदूकवाला हवा म्हणे

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तेव्हा वाचा, पण शाळेत जाणारं लेकरू घरात असेल तर नक्की वाचा.

पवईचं प्रकरण झाल्यापासून पालकांच्या ग्रुपवर एक मागणी थांबायचं नाव घेत नाही. शाळेच्या गेटवर बंदूकधारी गार्ड ठेवा. आमच्या जळगावच्या ग्रुपवर एका भाऊंनी तर हिशोबच टाकला, दर पोरामागे महिन्याला इतके रुपये काढले की एक माजी सैनिक आरामात ठेवता येतो. खाली अंगठ्यांची रांग. धुळ्याला माझ्या ऑफिसातही तेच. मी रोज जळगाव-धुळे अप-डाऊन करते. एरंडोल, पारोळा येईपर्यंत एसटीत हाच विषय, आणि परत येतानाही हाच.

भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. 30 ऑक्टोबर 2025 ला पवईच्या एका स्टुडिओत वेबसिरीजच्या ऑडिशनसाठी म्हणून बोलावलेली 17 मुलं रोहित आर्य नावाच्या माणसाने कोंडून ठेवली. मुंबईबाहेरूनही काही मुलं आलेली होती. शिक्षण खात्याच्या स्वच्छता मॉनिटर उपक्रमाचे आपले पैसे थकलेत, अशी त्याची तक्रार होती. त्याआधी त्याने उपोषणंही केली होती. दुपारी पोलिसांना फोन गेला, बोलणी फिसकटली, पोलीस बाथरूमच्या बाजूने आत शिरले, गोळी झाडली, तो मेला. मुलं सुखरूप सुटली. त्याच्याकडे एअरगन आणि काही रसायनं सापडली. ज्या आईबापांची पोरं त्या खोलीत होती त्यांना आपण काय शिकवणार? मुलं घरी आली, मुंबई पोलिसांचं त्यासाठी कौतुक व्हायलाच हवं.

आणि बंदूक आपल्याकडे नाही, असं तर मुळीच म्हणू नका. चोपड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून असलेलं उमर्टी आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. तिथले गावठी कट्टे पकडल्याच्या बातम्या आपल्या पेपरात इतक्यांदा येतात की आपण त्या वाचतही नाही, पान उलटतो. त्यामुळे ‘हे अमेरिकेत होतं, आपल्याकडे नाही’ या वाक्यावर माझा भरवसा नाही.

तरीही त्या गार्डच्या वर्गणीला मी नाही म्हटलं. पालकसभेत उभं राहून म्हटलं. त्यावर ‘ताई, तुम्हाला पोरींची काळजी नाही का’ असंही ऐकून घेतलं. तिथे दोन मिनिटांत सांगता आलं नाही ते इथे सांगते.

आधी अमेरिकेचंच घेऊ, कारण बंदूकवाल्या गार्डची कल्पना तिथूनच आली आहे. टेक्सास राज्यातलं युवाल्डी हे छोटं गाव, आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाहूनही लहान. 24 मे 2022 ला तिथल्या प्राथमिक शाळेत एक 18 वर्षांचा पोरगा रायफल घेऊन शिरला. 19 मुलं आणि 2 शिक्षिका मेल्या. पोलीस उशिरा आले असं झालं नाही. काही मिनिटांत आले, वाढत वाढत 376 झाले. बंदुका, ढाली, सगळं होतं. आणि त्या वर्गाचं दार उघडून आत जायला 77 मिनिटं लागली. आतून मुलं 911 ला फोन करत होती, बाहेर आईबाप पोलिसांच्या हातापाया पडत होते, आणि पोलीस त्या आईबापांनाच अडवत होते. नंतरच्या चौकशीत आलं ते इतकंच की हुकूम कोणी द्यायचा हेच ठरलं नव्हतं. 376 बंदुका होत्या तिथे. आपण एका माजी सैनिकाची वर्गणी काढतोय.

आता आपल्याकडे या. बदलापूर.

ऑगस्ट 2024. चार-चार वर्षांच्या दोन मुली. शाळेत सफाईच्या कामाला ठेकेदारामार्फत लागलेला माणूस, लागून दोन आठवडेही झाले नव्हते. तो गेटमधून रोज रीतसर आत यायचा. त्याला आपला गार्ड अडवणार होता का? उलट सकाळी ‘राम राम’ केला असता. कॅमेरेही त्या शाळेत होते. नंतर तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितलं की 15 दिवसांचं फुटेज गायब आहे. म्हणजे गार्ड आणि कॅमेरा, आपल्या ग्रुपवरच्या दोन्ही आवडत्या मागण्या, जिथे खरोखर गरज होती तिथे काही कामाच्या नव्हत्या.

पण मला त्या प्रकरणात सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट वेगळी आहे. त्या मुलींनी घरी सांगितलं होतं. चार वर्षांच्या पोरीला शब्द नसतात, तरी तिने सांगितलं. आईबापांनी ऐकलं, डॉक्टरकडे नेलं, पोलीस ठाण्यात गेले. आणि तिथे तक्रार नोंदवून घ्यायला त्यांना बारा तासांच्या आसपास बसवलं. एक मुलगी बोलली, घर बोललं, डॉक्टर बोलले, आणि सगळं येऊन अडलं ते ठाण्याच्या टेबलावर. 20 ऑगस्टला लोक रेल्वे रुळावर उतरले ते त्यामुळे. मग तीन पोलीस निलंबित झाले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, शाळेच्या पदाधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. हे सगळं त्या बारा तासांनंतरचं.

पुढचं आठवतंय ना? रुळावरची गर्दी ‘आत्ताच फाशी द्या’ म्हणत होती. 23 सप्टेंबरला आरोपी पोलीस व्हॅनमध्ये गोळी लागून मेला. ‘बदला पुरा’ असे फलक लागले, पेढेही वाटले गेले. जानेवारी 2025 मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालात त्या मृत्यूला पाच पोलीस जबाबदार असल्याचं आलं. त्या माणसाबद्दल मला तिळमात्र दया नाही, गैरसमज नको. पण तो कोर्टात उभा राहिला असता तर शाळेत कोणाला काय माहीत होतं, कोण गप्प बसलं, हे त्याच्या तोंडावर उलटतपासणीत निघालं असतं. ते आता निघायचं नाही. घाईच्या न्यायाने सोय नेमकी कोणाची झाली, याचा विचार करा.

घाईवरून गुरुग्राम आठवलं. सप्टेंबर 2017 मध्ये तिथल्या एका मोठ्या शाळेच्या बाथरूममध्ये सात वर्षांच्या मुलाचा खून झाला. पोलिसांनी त्याच दिवशी बसचा कंडक्टर पकडला, गुन्हा कबूल केल्याचं जाहीर केलं, देशभर वाहवा. दोन महिन्यांनी सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या मुलाला ताब्यात घेतलं. कंडक्टर पुढे निर्दोष सुटला. गरीब, बाहेरचा, चटकन हाताला लागणारा. असा माणूस प्रत्येक वेळी सापडतोच.

आणि हे वाचताना आपल्या खान्देशातल्या माणसाला राईनपाडा आठवला नाही तर नवल.

1 जुलै 2018, रविवार, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. त्याआधी महिना-दीड महिना सगळ्यांच्या मोबाइलवर ‘पोरं पळवणारी टोळी आली’ फिरत होतं. तुमच्याही आलं असेल, माझ्या आलं होतं, माझ्या सासूबाई तर नातीला ओट्यावरही बसू देत नव्हत्या. त्या दिवशी मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. संशय आला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना ठेचून मारलं. पाचही जण. ज्यांनी मारलं ते सगळे काही राक्षस नव्हते हो, लेकरांच्या काळजीने पेटलेले आईबाप त्यात होते. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच जणांना पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

‘बाहेरून कोणीतरी येईल आणि आपल्या पोरांना काही करेल’ ही भीती आपल्याकडे पाच निरपराध जीव घेऊन गेली आहे, म्हणून मला गेटवरच्या बंदुकीची भीती वाटते. उद्या त्या गार्डसमोर कोण उभं राहील? डबा द्यायला आलेली आजी, भंगारवाला, उशिरा आलेला बाप. आणि गार्डच्या खांद्यावर भरलेली बंदूक, अंगणात चारशे पोरं.

आता माझा स्वतःचा अनुभव. शाळेचं, ठाण्याचं, कोणाचंच नाव घेणार नाही, ते नाव घेऊन काही साधत नाही.

माझी धाकटी तिसरीत होती. शाळेच्या व्हॅनचे नेहमीचे काका आजारी पडले, बदली ड्रायव्हर आला. चौथ्या दिवशी पोर म्हणाली, ‘मम्मी, मी उद्यापासून व्हॅनने जाणार नाही. नवीन काका मला रोज पुढे बसवतात आणि शेवटी सोडतात.’ इतकंच. मी खोदून विचारलं नाही, तिला मांडीवर घेतलं, तिने आणखी दोन गोष्टी सांगितल्या. त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत, गुन्हा म्हणाव्यात अशाही नव्हत्या. पण कुठल्याही आईच्या पोटात गोळा यावा अशा होत्या.

शाळेत गेले. ‘व्हॅन आमची नाही, पालकांनी परस्पर लावलेली आहे.’ पोलीस ठाण्यात गेले. ‘साहेब बंदोबस्तात आहेत, बसा ताई.’ बसले. अडीच तास. मग एक हवालदार म्हणाले, ‘तसं काही झालं तर नाही ना? मग लिहून काय घेऊ?’ त्यांचा आवाज वाईट नव्हता. खरंच त्यांना कळत नव्हतं की काही होण्याआधीही आई येऊ शकते. बाजूच्या बाकावर आमच्या धुळ्याकडची एक म्हातारी बसली होती, तिने आपली पिशवी सरकवून मला जागा करून दिली आणि विचारलं, ‘काय व्हयनं माय?’ त्या अख्ख्या अडीच तासांत मला कोणी मनापासून विचारलं असेल तर तिने.

शेवटी व्हॅनमधल्या इतर पोरांच्या आयांना मीच फोन केले, सगळ्यांनी मिळून तो ड्रायव्हर बंद केला. तो आता कुठल्या गावात कुठल्या शाळेची गाडी चालवतो, मला माहीत नाही. कुठेही नोंद नाही, म्हणून कोणालाच माहीत नाही. रात्री कधीकधी हेच डोक्यात येतं.

म्हणून मी वर्गणीला नाही म्हटलं. पैसे आणि जोर लावायचाच तर पोर पहिल्यांदा तोंड उघडते त्या ठिकाणी लावा. कायदा तिथे बराच चांगला आहे, फक्त आपण तो वाचलेला नसतो. पोक्सोच्या कलम 19 नुसार असा गुन्हा घडल्याचं किंवा घडू शकेल असं कोणालाही कळलं तर पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. ‘घडू शकेल’ हे शब्द कायद्यात आहेत, ते मला त्या दिवशी हवालदारांना दाखवता आले असते तर! शाळेच्या प्रमुखाने दडपलं तर कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद. मुलाचा जबाब शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, मुलाच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यायचा. कुठल्याही कारणाने लेकराला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. आपण मात्र आजही पोरीला कडेवर घेऊन ठाण्याच्या बाकावर बसतो, आणि तेच बरोबर आहे असं समजतो.

शासनाचे कागदही आहेत. सखी सावित्री समिती मार्च 2022 पासून प्रत्येक शाळेत असायला हवी. बदलापूरनंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयात कॅमेरे आलेच, पण ठेकेदाराच्या माणसांसकट सगळ्यांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी आणि तक्रार पेटी हेही आलं. व्हॅनचं म्हणाल तर 2011 च्या स्कूल बस नियमांनुसार शाळेत परिवहन समिती असते आणि तिचे अध्यक्ष मुख्याध्यापक असतात, त्यामुळे ‘व्हॅन आमची नाही’ म्हणून हात झटकता येत नाहीत. यातला कॅमेरा तेवढा सगळ्यांनी बसवला, कारण तो दिसतो, त्याचा फोटो काढता येतो, उद्घाटनाला नारळ फोडता येतो. तक्रार पेटीची चावी कोणाकडे असते, ते बघा एकदा. एका ठिकाणी मला ती शिपाईमामांच्या जानव्याला सापडली. चांगला माणूस, पण ज्याच्याविरुद्ध तक्रार असेल तो त्याच्याच सोबत डबा खातो.

एक गोष्ट या सगळ्या चर्चेत कोणी बोलतच नाही. आपले ग्रुप शहरातल्या इंग्रजी शाळांचे. यावल आणि धुळे प्रकल्पाच्या आश्रमशाळांत जी पोरं राहतात त्यांच्या शाळेला संध्याकाळी गेट बंद झालं की सुरक्षा संपत नाही, तिथून सुरू होते. रात्र तिथेच, आई सातपुड्यात किंवा ऊसतोडीला. त्या पोरीने ‘मला इथे राहायचं नाही’ असं कोणाला सांगायचं? 1098 हा नंबर भिंतीवर रंगवलेला असेल, पण फोन कुठाय? अधीक्षकांच्या खोलीत. तिथे महिला अधीक्षिका मुक्कामी राहते की फक्त हजेरीपुरती असते, हा प्रश्न मला गेटवरच्या बंदुकीपेक्षा शंभरपट महत्त्वाचा वाटतो.

तर विनंती एवढीच. या आठवड्यात आपापल्या शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा: सखी सावित्री समितीत कोण कोण आहे, तक्रार पेटीची चावी कोणाकडे आहे, आणि गाडीवाल्यांची पोलीस पडताळणी झाल्याचा कागद दाखवाल का. भांडू नका, मास्तर लोकांवर आधीच पन्नास कामं आहेत. उत्तर काय मिळालं ते खाली कमेंटमध्ये टाका. शाळेचं आणि माणसाचं नाव नको, फक्त तालुका लिहा. जळगाव आणि धुळे, दोन्ही जिल्ह्यांचे तालुके गोळा झाले की मी यादी करून दोन्ही ठिकाणच्या शिक्षणाधिकाऱ्यांना आणि पोलीस अधीक्षकांना अर्ज देणार आहे. धुळ्याला मी रोज असतेच, जळगावला सोबत कोण येतंय ते सांगा.