परसातला चैत्र

फेब्रुवारी संपत आला की आमच्या परसातला कडुनिंब पानं गाळू लागतो. रोज केर काढता काढता कंबर मोडते. मग एके दिवशी वर पाहावं तर तांबूस, कोवळी पालवी चमकत असते, आणि थोड्याच दिवसांत पांढऱ्या, बारीक मोहोराचा वास थेट स्वयंपाकघरापर्यंत येतो.

परस काही मोठं नाही. कडुनिंब, शेवगा, मेंदीचं कुंपण, सब्जाची दोन रोपं आणि मोगऱ्याचा वाफा. अब्बा दगडावर बसून वजू करीत, ते पाणी पाटानं मोगऱ्याकडे जाई. आज आम्ही त्याच दगडावर बसतो. जानेवारीअखेर छाटलेला मोगरा मार्चमध्ये कळ्यांनी भरतो. मोगरा उमलतो संध्याकाळी. म्हणून रमजान वसंतात आला की मगरिबची अजान आणि मोगऱ्याचा वास बरोबरच येतात. खजूर तोंडात टाकावा, सब्जाचं सरबत प्यावं, दिवसभराची तहान कुठल्या कुठे जाते.

पण हा योग दरवर्षीचा नव्हे. आपलं हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. त्यामुळे रमजान मागे मागे सरकत जातो आणि साधारण ३३ वर्षांनी पुन्हा त्याच ऋतूत येतो. शेजाऱ्यांचे महिनेही चंद्राचेच, पण त्यांच्यात अधिक मास धरतात, म्हणून त्यांचा चैत्र वसंत सोडत नाही. मधूनच दोघांची गाठ पडते. २०२४ मध्ये ९ एप्रिलला पाडवा होता आणि ११ एप्रिलला ईद. २०२५ मध्ये ३० मार्चला पाडवा आणि ३१ मार्चला ईद. एकाच अमावास्येनंतरची चंद्रकोर, तिच्यावर दोन घरांचे दोन सण.

मार्च १९९३ मध्येही अशीच गाठ पडली होती. मुंबईत आधी दंगली झाल्या, मग १२ मार्चचे बॉम्बस्फोट. आमच्या लहानशा गावातही माणसं हळू आवाजात बोलत. नवे कपडे घालून गल्लीत हिंडू नका, असं अम्मानं आम्हाला बजावलं होतं. पाडव्याच्या सकाळी शेजारच्या काकू मात्र नेहमीसारख्या मागच्या दारानं आल्या. "भाभी, थोडा मोहोर नेते हं." अम्मानं स्वतः फांदी वाकवून धरली. तासाभरानं कडुनिंब-गुळाची वाटी आली. अम्माचा रोजा होता. तिनं वाटी झाकून ठेवली आणि इफ्तारला खजुरानंतर तो कडूगोड घास खाल्ला. ईदला त्याच वाटीतून शीरखुर्मा गेला. त्या वाटीबद्दल कुणी भाषण केलं नाही. पण ईदच्या दिवशी आम्ही नवे कपडे घालून गल्लीत हिंडलो.

आता अम्मा नाही, काकूही नाहीत. काकूंची सून मोहोर न्यायला येते आणि मला भाभी म्हणते. भाऊ म्हणतात, परसात फरशी घालू, गाडी लावायला जागा होईल, तुझाही केर वाचेल. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण असे वसंत माणसाच्या वाट्याला दोनदा, फार तर तीनदा येतात. पुढच्या खेपेला मी असेन की नाही, अल्ला जाणे. झाड असलं पाहिजे. कुणाची तरी सून मोहोर मागायला येईल, तेव्हा फांदी वाकवून धरणारं कुणी तरी या घरात हवं.