सीडी लायब्ररी बंद पडली, त्याच्या आधीची गोष्ट

परवा बाबांनी विचारलं, "अरे, ती सीडीची लायब्ररी चालू आहे का अजून? एक जुना मराठी पिक्चर पाहायचा होता." मी हसलो. म्हटलं, मोबाईलमध्ये तीन ॲप आहेत, त्यात शोधतो. अर्धा तास शोधलं. तिन्हीकडे नाही. यूट्यूबवर सापडला, तोही अर्धाच.

म्हणून ही पोस्ट. थोडी लांब आहे, पण वाशीम, रिसोड, कारंजाकडच्या पस्तिशीपुढच्या मंडळींनी वाचावी.

२००७ च्या आसपासचे दिवस आठवा. आपला जिल्हा १९९८ चा, म्हणजे दहा वर्षंही झाली नव्हती. घरोघरी प्लेअर आले होते. मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढली होती. तरी आपण भाड्यानेच आणायचो. दहा रुपये रोज, थोडं डिपॉझिट, वहीत नाव. लोडशेडिंगची वेळ पाहूनच सीडी आणायची, कारण मध्येच लाईट गेली की दुसऱ्या दिवसाचं भाडं लागायचं. तेव्हा बंगळूर-मुंबईकडे सेव्हंटीएमएमसारख्या कंपन्या डीव्हीडी घरपोच द्यायच्या. अमेरिकेत नेटफ्लिक्स १९९८ पासून पोस्टाने पाठवत होती. आपल्याकडे मात्र आपणच पोस्टमन, सायकलवर!

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. डेटा फुकट. पण लायब्ररी त्या दिवशी बंद पडली नाही, हे लक्षात घ्या. आधी नवीन सीडी येणं थांबलं. मग ओरखडे वाढले, ऐन क्लायमॅक्सला चित्र अडकायचं. कव्हर एका पिक्चरचं, आत दुसराच. एका डिस्कवर पाच पिक्चर, तेही थिएटरात चोरून शूट केलेले, मधून मधून समोरच्याचं डोकं दिसायचं. भाडं मात्र तेवढंच. तक्रार केली तर दुकानदार म्हणे, "भाऊ, गिऱ्हाईकच नाही राह्यलं तं नवीन माल कुठून आणू?"

त्याचंही खरं होतं. आणि सोडून जाणाऱ्यांत मीही होतो.

अमेरिकेतही हेच झालं. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये स्ट्रीमिंग सुरू केलं, पण डीव्हीडी लगेच बंद केली नाही. पाठवणी केंद्रं कमी केली, २०१४ मध्ये शनिवारचं काम थांबवलं. शेवटची डिस्क गेली २९ सप्टेंबर २०२३ ला. मधली सगळी वर्षं जे गिऱ्हाईक टिकून राहिले, त्यांना उशिराची सेवा मिळाली.

जुनी सेवा एका दिवसात मरत नाही. तिच्याकडे लक्ष देणं थांबतं, ती बिघडते, मग लोक सोडतात, आणि मग "लोकच येत नाहीत" म्हणून बंद होते. त्रास होतो तो ज्यांना दुसरा पर्याय नाही त्यांना. लँडलाईनचं आपण पाहिलं. गावातल्या वाचनालयांचं आज पाहतोय.

मला सीडी परत नको. पण एक फरक लक्षात घ्या. सीडी परत केली तरी ती गावातच राहायची. ॲपवरचा पिक्चर करार संपला की निघून जातो, आणि आपल्याला कोणी सांगतही नाही.

मोठ्या पिक्चरसाठी पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण पोहरादेवीच्या यात्रेत घेतलेल्या बंजारा गाण्यांच्या सीडी, गावातल्या नाटकांचं आणि कीर्तनांचं शूटिंग, हे कोण जपणार? माझ्याकडे अशा अकरा डिस्क आहेत. त्यातल्या चार आता चालत नाहीत.

आपल्याकडे १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालयं आहेत. तालुक्याच्या एका तरी वाचनालयात एक कपाट, एक कॉम्प्युटर आणि हार्डडिस्क ठेवता येईल का? स्थानिक सीडी जमा करायच्या, कॉपी करायच्या, यादी लावायची. लाखोंचा खर्च नाही.

तोवर एक करा. घरातल्या सीडी भंगारवाल्याला देण्याआधी एकदा लावून पाहा. काही स्थानिक सापडलं तर कमेंटमध्ये लिहा. यादी मी करतो.

बाबांचा पिक्चर अजून सापडला नाही.