कायम

रमजानमध्ये आमच्या उर्दू शाळेत मुलांचं लक्ष फळ्याकडे कमी आणि घड्याळाकडे जास्त असतं. अशाच एका दुपारी मराठीच्या तासाला आठवीतल्या मुलीने विचारलं, "सर, जिथे सूर्य मावळतच नाही तिथले लोक रोजा कधी सोडतात?"

धडा बाजूला ठेवून मी मुलांना इनुविकची गोष्ट सांगितली. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, मॅकेन्झी नदीच्या मुखाजवळ, उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर हे छोटं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे पन्नासहून अधिक दिवस सूर्य मावळत नाही. तिथल्या मूठभर मुसलमानांसाठी 2010 मध्ये एक मशीद आली. आली म्हणजे खरोखरच आली! विनिपेग शहरात बांधून, आधी ट्रकवरून आणि मग नदीतल्या तराफ्यावरून सुमारे 4,000 किलोमीटरचा प्रवास करून. रोजाच्या वेळा ते लोक दक्षिणेकडच्या एडमंटन शहराच्या पाळतात, असं मी वाचलं होतं.

मोबाइलवर गावाचे फोटो दाखवले, तर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, ही घरं खांबांवर का आहेत? पूर येतो का?"

मला माहीत नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणालो. शिक्षकाची ही जुनी युक्ती आहे, पण तिच्यामुळे रात्री अभ्यास करावा लागतो.

त्या रात्री वाचलं ते असं. इनुविकखालची जमीन गोठलेली आहे. वरचा पातळ थर उन्हाळ्यात सुटतो, थंडीत पुन्हा गोठतो. त्याखालची माती मात्र वर्षानुवर्षं, काही ठिकाणी हजारो वर्षं, शून्य अंशाच्या खालीच राहिली आहे. घर थेट जमिनीवर टेकवलं, तर चुलीची आणि हीटरची ऊब खाली उतरते, मातीतला बर्फ वितळतो आणि घर आपल्याच उबेने खचतं. म्हणून खांब खोल गोठलेल्या मातीत रोवायचे, घर वर उचलायचं आणि मधून गार वारा वाहू द्यायचा. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळही जमिनीत पुरत नाहीत. ते पेट्यांत गुंडाळून जमिनीच्या वरून नेतात. आपण पायाला ओल लागू नये म्हणून धडपडतो, तिथे पायाला ऊब लागू नये म्हणून धडपडतात.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं : पर्माफ्रॉस्ट, म्हणजे कायम गोठलेली जमीन. आणि ओघात सांगून टाकलं की आता ती जमीन वितळते आहे.

तोच मुलगा म्हणाला, "सर, कायम आहे तर वितळते कशी?"

दोन्ही भाषा शिकवणाऱ्या माणसाला तिथे गप्प बसता येईना. मराठीत 'कायम' म्हणजे नेहमीसाठी. शब्द आला अरबीतून, आणि तिथे त्याचा अर्थ आहे उभा असलेला. नमाजमध्ये आपण उभे राहतो तो कयाम. पण उर्दूत पाहुण्यालाही विचारतात, आपका कयाम कहाँ है? तिथे कयाम म्हणजे चार दिवसांची वस्ती. आपला 'मुक्काम' शब्दही त्याच धातूतला. म्हणजे कायम आणि मुक्काम सख्खे भाऊ आहेत. जे उभं आहे ते उभं आहे तोवरच. मुलांना हे आवडलं. मला मात्र त्यानंतर बरेच दिवस ते सोडेना.

कारण त्या प्रदेशात बर्फ नुसता जमिनीत नाही, त्यानेच जमीन घडवली आहे. हिवाळ्यात माती तडकते, वसंतात भेगेत पाणी शिरतं, गोठतं. शेकडो वर्षं असं होत राहिलं की भेगेत बर्फाची जाड पाचर तयार होते आणि वरून पाहिलं तर जमीन फरशी बसवल्यासारखी चौकटी-चौकटीची दिसते. काही ठिकाणी पोटातल्या बर्फाने जमीन फुगून टेकडी होते. तिला पिंगो म्हणतात. टुक्टोयाक्टुक गावाजवळचा एक पिंगो जवळजवळ 50 मीटर उंच आहे. ज्याने हे बांधलं तोच निघून गेला, तर काय राहणार? पाचरी वितळतात, जमीन खचते, खळग्यात पाणी साचतं. ते पाणी ऊन धरून ठेवतं आणि खालचा बर्फ आणखी वितळवतं. उतारावर तर अख्खी बाजू चिखल होऊन वाहते. आत नवा बर्फ उघडा पडतो, तोही वितळतो, आणि जखम मागे मागे सरकत जाते.

टुक्टोयाक्टुक समुद्रकाठी आहे. इनुविकहून तिथे जाणारा 138 किलोमीटरचा बारमाही रस्ता 2017 मध्ये खुला झाला. तो बांधताना जमीन खणली नाही, हिवाळ्यात वरून भराव टाकला, कारण खणलं की वितळणार. पण समुद्राला कोण आवरणार? पूर्वी शरद ऋतूतल्या वादळांआधी समुद्र गोठायचा आणि किनारा झाकला जायचा. आता बर्फ उशिरा धरतो. लाटा थेट कड्यावर येतात, तळाशी कपार कोरतात आणि वरचा भाग पाचरीच्या रेषेत तुटून कोसळतो. गावाच्या बंदराला आडोसा देणारं बेट दर वर्षी सुमारे दोन मीटर झिजतं आहे. किनाऱ्यावरची काही घरं उचलून आत न्यावी लागली. ही इनुविआलुइट लोकांची घरं. जगाची हवा तापवण्यात त्यांचा वाटा किती असेल?

त्याच समुद्रातल्या हर्शेल बेटावर जुनी कब्रस्तानं आहेत. देवमाशांच्या शिकारीला आलेले खलाशी तिथे पुरलेले आहेत. जमीन घसरते तशा त्या कबरीही सरकतात, शवपेट्या वर येतात. हे वाचलं आणि मोबाइल खाली ठेवला. गेल्या वर्षी मी अब्बांना दफन केलं. मूठभर माती टाकताना एकच समाधान होतं, की आता तरी यांची जागा पक्की झाली. भाड्याची चार घरं बदललेल्या माणसाला अखेर कुणी 'जागा खाली करा' म्हणणार नव्हतं. तिकडे कुणाच्या तरी पूर्वजांना जमीनच तसं सांगते आहे.

आणि हे तिकडचं तिकडे राहत नाही. गोठलेल्या त्या मातीत हजारो वर्षांची न कुजलेली झाडंपानं आहेत. त्यांतला कार्बन आज हवेत असलेल्या कार्बनच्या जवळपास दुप्पट आहे. माती सुटली की जिवाणू कामाला लागतात आणि त्यातला काही भाग कार्बन डायऑक्साइड आणि मिथेन होऊन बाहेर पडतो. हवा तर सगळ्यांची एकच. ती काही एडमंटनची वेळ पाळत नाही.

चाचणी परीक्षेत मी 'कायम' शब्दाचा वाक्यात उपयोग करायला दिला. बहुतेकांनी लिहिलं, "तो कायम उशिरा येतो." मागच्या बाकावरच्या त्या मुलाने लिहिलं, "बर्फ होता तोवर जमीन कायम होती." 'जमीन'मधली वेलांटी ऱ्हस्व काढली होती. ती लाल शाईने दीर्घ केली आणि गुण पूर्ण दिले.