टेकडीच्या पायथ्याची खरेदी

पौड रस्त्याने वनाझकडे जाताना उजव्या हातास जी टेकडी दिसते, तिला कोथरूडकर ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था तेथे आहे. देशातील वाहने आणि त्यांचे भाग तेथे कसून तपासले जातात. सेवानिवृत्तीनंतर घेतलेल्या मोटारसायकलवरून मी रोज पहाटे त्या टेकडीवर फिरावयास जातो.

याच टेकडीच्या पायथ्याशी राहून मी फसलो, हे सांगताना संकोच वाटतो. हौसेने जादा दिवे बसविले. बॅटरी वारंवार उतरू लागली. मऊ सीट कव्हर घेतले. पहिल्याच पावसात ते भिजले आणि दोन दिवस वाळेना. हँडलवरील मोबाइल होल्डरच्या थरथरीने फोनचा कॅमेरा निकामी झाला. एवढे नुकसान खर्ची टाकता आले. पदपथावरून स्वस्तात आणलेले हेल्मेट मात्र टेबलावरून पडले आणि त्यास उभा तडा गेला. माझा नातू तेच घालून महाविद्यालयात जात असे.

बँकेत असताना कर्जदाराच्या तारणाचा प्रत्येक कागद मी दोनदा वाचला. घरच्या मुलाच्या जिवाचे तारण मात्र न पाहता स्वीकारले. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्यासोबत ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक असतो. नवे हेल्मेट घेताना मी प्रथम तो क्रमांक वाचला, किंमत नंतर विचारली.